चावडीतली शिळा: ३१ गेले, ७ आले नाहीत. त्या सातांची नावं शोधायला मदत हवी आहे

घाटवाट

नमस्कार मंडळी.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शोध लागलाच तर काही घरांच्या खासगी गोष्टी निघतील. जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी शिळा होती, दीड हात लांब. इंग्रजीत कोरलेली. अर्थ एवढाच, की या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धात ३१ माणसं गेली, त्यांतल्या ७ जणांनी प्राण दिले. अशा शिळा आपल्याकडे पुष्कळ गावांत आहेत. मजकूर तोच, गावागणिक फक्त आकडे बदलतात. नाव एकाचंही नाही.

माझे वडील, आप्पा, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. जंगी पलटण, म्हणजे पहिली बटालियन. हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, आता पंचाहत्तरी उलटली. मला कळतं तेव्हापासून १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या आधी ते एकटे चावडीवर जाणार, ओल्या फडक्यानं शिळा पुसणार आणि बेल्टचं पितळ घासायच्या जुन्या ब्रशानं अक्षरांत अडकलेला चुना काढणार. दिवाळीला रंगारी भिंतीबरोबर शिळेवरही हात मारायचा, म्हणून तो चुना. ७ च्या आकड्याच्या वळणात तो सगळ्यात घट्ट बसायचा.

गेल्या महिन्यात चावडी पाडली. नवीन इमारत होणार आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शिळा राडारोड्यात टाकली होती, ट्रॉलीत भरायच्या बेतात. आप्पा आणि गावातले अजून दोघे माजी सैनिक जाऊन ती उचलून घेऊन आले. तिघांचं वय मिळून दोनशेच्या वर असेल. एक कोपरा उडालाय. सध्या ती आमच्या ओसरीवर पोत्यात गुंडाळून ठेवली आहे.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. मला म्हणाले, "एकतीस गेलं, सात आलं न्हाईत. आकडा तरी हुता भितीवर. आता त्यो बी ऱ्हायला न्हाई, तर त्या सातांची नावं कोन सांगनार?"

मला ही सात नावं शोधायची आहेत. सुरुवात कुठून करू? तुमच्या घरी, गावात कुणी फौजेत होतं असेल तर त्यांच्याबद्दलही लिहा. आप्पांना रात्री वाचून दाखवीन.

चाफेकळी

वाचून गलबलून आलं. शिळा वाचवली हे फार बरं झालं. माहिती काही नाही माझ्याकडे, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

दप्तरी

घाटवाट, काम होण्यासारखं आहे. वेळ लागेल. मी असा शोध दोनदा केलाय, त्यातलं उपयोगाचं सांगतो.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली या सगळ्या मिळून एक रेजिमेंट झाली आणि केंद्र बेळगावला आलं. सातारकडची बहुतेक माणसं याच पलटणींत सापडतात. या पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढला. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपलं, सुटका करायला आलेल्या फौजा पोहोचू शकल्या नाहीत, शेवटी शरणागती. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात किती गेले त्याला हिशेब नाही. तुमच्या सातांपैकी काही तिथले निघतील असं मनात धरून चाला.

आता कुठे बघायचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी आहे, मोफत. भारतीय शिपायांच्या नोंदीत नंबर, हुद्दा, पलटण असते आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. माणसाच्या नावानं शोधू नका. पलटण निवडा आणि जास्तीच्या माहितीच्या रकान्यात 'सातारा' टाका. मग येणारी यादी एकेक करून वाचायची. ज्या कारकुनानं लिहिलं त्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे गावाच्या नावाची चार रूपं मिळतील. मोठ्यानं वाचायचं, कानाला गाव ओळखू येतं. डोळ्याला येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण मला ती अचानक कळली तेव्हा फार लागली होती. मेसोपोटेमियात ज्यांना कबर किंवा चितेची जागा नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. गोऱ्यांची सगळी नावं तिथे कोरली. भारतीयांमधल्या अधिकाऱ्यांची कोरली. साध्या शिपायांचे मात्र पलटणीखाली फक्त किती गेले ते आकडे. आयोगानं या भेदभावाची चौकशी केली आणि २०२१ साली जाहीर माफी मागितली. ते स्मारकही मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन उभारलं.

म्हणजे तुमच्या गावच्या माणसाचा गावात एक आकडा, बसऱ्यात दुसरा आकडा. नाव असलंच तर दप्तरात.

घाटवाट

दप्तरी, मनापासून आभार. आप्पांना वाचून दाखवलं. बसऱ्याचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "नंबर हाय न्हवं? मग मानूस घावतोय."

आज रात्रीपासून सुरुवात करतो.

पलटणकर

जय हिंद. मी सुभेदार म्हणून निवृत्त, २६ वर्षं मराठातच. घाटवाट, तुमच्या वडिलांना माझा जय हिंद सांगा. ते जे म्हणाले ते फौजेतल्या माणसाला लगेच समजतं, बाहेरच्याला कदाचित कळणार नाही, म्हणून लिहितो.

बेळगावला सेंटरमध्ये पोरगा भरती होतो तेव्हा त्याला आधी नंबर मिळतो. वर्दी अंगात नीट बसायच्या आधी नंबर तोंडात बसतो. आमचे उस्ताद रात्री गस्तीवर असताना झोपेतल्या रंगरुटाच्या चारपाईला काठी लावून विचारायचे, "नंबर?" डोळे मिटलेले असतानाच उत्तर यायला पाहिजे. मग काळ्या पेटीवर पांढऱ्या रंगानं तोच नंबर, हुद्दा, नाव. डिस्चार्ज बुकात तोच, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर तोच. माझ्या पलटणीतले एक नाईक होते, माझ्याहून बरेच सीनियर. शेवटची दोन वर्षं त्यांना घरातली माणसंही ओळखू येईनात. मी भेटायला गेलो, खाटेजवळ उभा राहून म्हटलं, "नायकसाब, नंबर?" पडल्या जागी पाय जुळवले आणि सगळा नंबर घडाघडा सांगितला. त्यांच्या सूनबाई दारात उभ्या राहून रडत होत्या.

म्हणून नुसता आकडा म्हणजे अपमानच, असं मी म्हणणार नाही. नंबर हे आमचं नावच असतं. पण तो नंबर ओळखणारं कुणीतरी जिवंत असावं लागतं. बसऱ्याच्या दगडावर चूक झाली ती तिथे. किती गेले तो आकडा कोरला, कुणाचा नंबर नाही, आणि ओळखणारं कुणी ठेवलं नाही.

पलटण हे काम करते. लोकांना वाटतं रेजिमेंट म्हणजे बँड, परेड आणि कलगी. खरी रेजिमेंट म्हणजे हजेरी. आमच्याकडे स्थापना दिवसाला जुन्या माणसांना बोलावणं जातं. मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा गेलो तेव्हाचं सांगतो. सकाळी स्मारकावर पुष्पचक्र. 'शोक शस्त्र' म्हटल्यावर जवानांच्या बंदुका उलट्या होतात, माना खाली जातात आणि बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे मानवंदनेची धून, सुरू होते. आम्ही साध्या कपड्यांत, छातीवर मेडलं लावून एका बाजूला उभे. शेजारी एक म्हातारे शिपाई होते, हातात काठी. हुकूम माइकवरून जवानांना होता, पण यांनी काठी उलटी धरली. बरोबर जशी रायफल धरतात तशी. कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या कुणीही त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण माना सगळ्यांच्याच खाली होत्या.

मग मंदिर परेड, दुपारी बडाखाना. बडाखान्यात साहेब लोक स्वतः जवानांना वाढतात. माझ्या ताटात ज्या पोरानं भाजी वाढली तो माझ्या जुन्या कंपनीचा. मला म्हणाला, "साब, आपली कंपनी यंदा चॅम्पियन आहे." आपली म्हणाला. मी पलटण सोडली तेव्हा तो शाळेत असणार.

लोकांना एक कळत नाही. आमच्या काळातला साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीत बाहेर येतो. ज्या शंभर माणसांबरोबर उठला, जेवला, धावला ती एका दिवसात सुटतात. घरी सगळं असतं, पण पहाटे साडेचारला जाग आली की करायचं काय हे कळत नाही. म्हणून माणूस स्थापना दिवसाला जातो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी गेला की तिथल्या बाकड्यावर उगाच दोन तास बसतो. कुणीतरी आपल्या पलटणीचं भेटेल.

बेळगावच्या सेंटरमध्ये जे युद्धस्मारक आहे ते शरकतच्या नावाचं आहे. शरकत इराकात, टायग्रिसच्या काठी. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिथे ११४ मराठा लढली. घाटवाट, तुमच्या सातांपैकी कुणी ११४ चा निघाला तर वडिलांना घेऊन एकदा बेळगावला जा. नाही निघाला तरी जा.

रानपाखरू

पलटणकर साहेब, काठीचा प्रसंग वाचून पुढचं वाचता येईना. सलाम.

मुद्देसूद

विषय भावनेचा आहे हे मान्य. पण मला प्रामाणिकपणे एक प्रश्न पडतो. ही माणसं इंग्रजांच्या बाजूनं, इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढली. ती शिळा इंग्रजांनी लावली, भरतीला उत्तेजन मिळावं हाही हेतू त्यात असणारच. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांची नावं कित्येक गावांत लिहिलेली नाहीत. मग या शिळेचं जतन का करायचं? कुणाला दुखवायचं नाही, उत्तर हवं आहे.

दप्तरी

प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर देतो. शिळा सरकारची होती, त्यावरची सात माणसं सरकारची नव्हती, गावची होती. कोरडवाहू चार एकर, वरून सारा आणि सावकार, घरात पाच भाऊ, त्यातला एक पगारासाठी पलटणीत गेला. त्यानं साम्राज्याचा हिशेब केला नव्हता, घरचा केला होता. त्याला इंग्रजानं आकड्यात जमा केलं, आपण स्वातंत्र्यानंतर तोही आकडा सोडून दिला. तुरुंगात गेलेल्यांची नावं लिहिली नसतील तर तीही लिहूया. या सातांची पुसून ती लिहिली जाणार नाहीत.

ओढ्याकाठी

मुद्देसूद यांच्या प्रश्नाला अजून एक बाजू आहे, ती कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

घाटवाट, तुम्ही सहा मराठा पलटणी शोधाल आणि तिथे थांबाल. थांबू नका. १११ महार म्हणूनही एक पलटण होती. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरती बंद केली, 'लढाऊ जाती' नावाचं खूळ काढून. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. पुढे महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ महार उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे.

माझे पणजोबा १११ मध्ये होते असं घरात सांगतात. कागद नाही. एक पितळी बटण आहे, आजीनं ते गोधडीच्या कोपऱ्यात शिवून ठेवलं होतं.

तर तुमच्या गावच्या ३१ मध्ये सगळ्या आळ्यांची माणसं असतील. खेचरांच्या तुकड्या, हमालांच्या तुकड्या, इस्पितळांत डोल्या वाहणारे, यांच्याही नोंदी बघा. शिळेवर नावं नाहीत, त्यामुळे जातही नाही. नावं शोधताना जातीची गाळणी लागू नये एवढंच म्हणणं आहे.

घाटवाट

ओढ्याकाठी, हे मी खरंच केलं नव्हतं. मी फक्त सहा पलटणी काढून बसलो होतो. आप्पांना विचारलं तर म्हणाले, खालच्या आळीतली दोन घरं जुन्या पेन्शनीची म्हणून ओळखली जायची. उद्या तिकडे जातो. तुमच्या पणजोबांचं नाव आणि गाव मला कळवलंत तर माझ्या शोधात तेही ठेवतो.

मुद्देसूद

दोन्ही उत्तरं पटली. धन्यवाद. मी पुण्यात असतो, खडकीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन काही बघायचं असेल तर सांगा.

दप्तरी

मुद्देसूद, खडकीची जागा एकदा पाहाच. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत आणि पहिल्या महायुद्धाचं वेगळं स्मारक आहे, १,८०० वर नावांचं. पण घाटवाट यांची माणसं तिथे मिळायची शक्यता कमी. देशातल्या ज्या जुन्या कबरी सांभाळणं अशक्य झालं, त्यांतल्या लोकांची नावं तिथे आणली आहेत. घोरपडीला लष्कराच्या दक्षिण कमांडचं युद्धस्मारक आहे तेही बघा, लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं आहे. हिंदुस्थानातच तापानं वगैरे गेलेले असतील तर दिल्लीच्या इंडिया गेटवरची नावं तपासावी लागतील. ती १३,००० च्या वर आहेत आणि आयोगाच्या त्याच यादीत मिळतात.

नदीमाय

बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते.

माझे वडील काश्मीरमध्ये गेले, नव्वदच्या दशकात. मी सात वर्षांची होते. तिरंग्यातली पेटी, बंदुकांची सलामी, गाव भरून माणसं, फुलं टाकलेला ट्रक. मला आठवतं ते वेगळंच. पेटीबरोबर आलेल्या एका काकांच्या बुटाची नाडी सुटली होती आणि ते ती बांधत नव्हते, कारण सावधान उभे होते. मी त्या नाडीकडे बघत होते.

त्यानंतरची दोन वर्षं आईनं कागदांत काढली. लग्नानंतरचं तिचं नाव एका कागदावर वेगळं आणि रेकॉर्डमध्ये वेगळं. एका अक्षराचा फरक. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची वगैरे पलटणीच्या दप्तरातली नोंद, वेळेवर झाली नव्हती. आईला विचारलं जायचं, या त्याच कशावरून? गावातले तोवर आपापल्या कामाला लागले होते. त्यांचा दोष नाही.

पलटणीनं मात्र सोडलं नाही. सुभेदार मेजर साहेबांनी एक हवालदार पाठवला. तो आमच्याकडे आठ दिवस राहिला, आईला घेऊन प्रत्येक कचेरीत गेला आणि काम झाल्यावरच परतला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला फोन येतो. माणसं बदलली, पलटण तीन-चार ठिकाणी हलली, फोन चुकला नाही. सुरुवात एकाच वाक्यानं होते: "माताजी, पलटणीतून बोलतोय." आई त्या दिवशी सकाळपासून फोनजवळ असते.

दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ मध्ये झालं, तेव्हा आईला घेऊन गेले. त्यागचक्रात गोल भिंती आहेत, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,००० हून अधिक जणांची. बाबांची वीट आईच्या डोक्याच्या वर होती. तिथल्या जवानानं खुर्ची आणली नाही, काही नाही, तो फक्त बाजूला उभा राहिला. मी आईला कंबरेला धरून उचललं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे. आई शाळेत गेलेली नाही, सही करायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. मला म्हणाली, "नाव बरोबर लिवलंय का गं? नीट बघ."

मी प्रत्येक अक्षर वाचून दाखवलं.

घाटवाट, ती सात नावं मिळाली तर स्पेलिंग दोनदा तपासा. घरच्यांना त्याचं फार असतं.

पलटणकर

ताई, तुमच्या मातोश्रींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. पलटण कोणती ते इथे लिहू नका, पण काही अडचण असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. रेकॉर्ड ऑफिसला काय लिहायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कुणाला भेटायचं, स्पर्श या पेन्शनच्या संकेतस्थळावर नाव दुरुस्ती कशी करायची, मी बऱ्याच जणांची कामं केली आहेत. ज्यांच्या घरात माजी सैनिक आहेत त्या सगळ्यांनाच सांगतो: नवरा हयात असताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि बँकेत बायकोचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का ते आजच बघा. नंतर तिनं कुठे फिरायचं?

खाडीपलीकडे

मी माणगावकडचा. आमच्या तहसीलसमोर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, पळसगावचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधली बाकी सगळी माणसं पडली किंवा जखमी झाली, तेव्हा एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचीही कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. पण २०२३ मध्ये तिकडच्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. ज्या गावाच्या मातीत पडले त्या गावानं ७९ वर्षांनी आठवण ठेवली, हे मला फार मोठं वाटतं.

चाफेकळी

एक शंका. घाटवाट, नावं मिळाली तर नवीन फलक करणार का? मग त्यावर शहीद लिहायचं, हुतात्मा लिहायचं की वीरगती? सरकारी भाषेत 'शहीद' हा शब्द नाही असं वाचलं होतं.

पलटणकर

बरोबर आहे, सैन्याच्या कागदांत शहीद हा शब्द नसतो. तिथे बॅटल कॅज्युअल्टी.

दप्तरी

मराठीत यासाठी फार जुना आणि नेमका शब्द आहे: धारातीर्थी पडले. तलवारीची धार हेच तीर्थ. ज्याच्या अस्थीही गंगेला गेल्या नाहीत त्याच्यासाठी याहून चांगला शब्द मला माहीत नाही.

घाटवाट

मंडळी, चार महिन्यांनी लिहितोय. क्षमस्व. सुगी, मग आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पण शोध थांबला नव्हता.

सातांपैकी चार मिळाले.

दप्तरींनी सांगितलं तसं पलटणवार यादी काढून मोठ्यानं वाचत गेलो. आप्पा समोर बसून ऐकायचे. आमच्या गावाचं नाव तीन वेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं निघालं आणि तिन्ही वेळा आप्पांनीच ओळखलं, मला पत्ता लागला नव्हता. दोघे ११७ चे, दोघांच्या तारखा कुतच्या वेढ्यातल्या. एक ११४ चा. चौथा ओढ्याकाठी यांच्यामुळे मिळाला, १११ चा. खालच्या आळीत गेलो तर त्या घरात नाव माहीत होतं, फक्त माणूस 'बोटीवर गेला तो गेला' एवढंच सांगत होते. घरच्या आजींना मी नोंद वाचून दाखवली. बापाचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. ११४ वाल्याच्या घरी भिंतीवर एक पितळी चकती होती, भांड्याच्या फळीखाली. सगळे तिला मेडल म्हणत होते. पालथी करून घासली तर कडेला बारीक अक्षरांत नंबर. यादीतलाच.

नदीमाय ताई, नावं दोनदा नाही, चारदा तपासली. घरच्यांकडून मराठीत लिहून घेतली. त्यांची परवानगी अजून पूर्ण झालेली नाही म्हणून इथे देत नाही.

अजून एक घडलं ते सांगतो. मी हे नंबर वहीत उतरवत होतो तेव्हा आप्पा अचानक दुसरेच नंबर सांगायला लागले. मला वाटलं चुकतायत. नंतर लक्षात आलं, ते त्यांच्या पलटणीतले होते, डिसेंबर १९७१ चे. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईचे. आप्पा या विषयावर आयुष्यात कधी बोलले नव्हते. शत्रूच्या कर्नलनं शरण यायच्या चिठ्ठीला उत्तर म्हणून कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती, ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली. त्या दिवशी आप्पांनी सांगितलं की १० तारखेच्या रात्री ते गावाच्या दक्षिणेला रस्ता अडवून खड्ड्यात बसले होते, अंधारातून गाड्यांचा आवाज आला आणि मग सकाळपर्यंत काय चाललं ते नीट आठवत नाही. उजाडल्यावर हजेरी झाली ती आठवते. नंबर पुकारला की 'हाजिर' यायचं. काही नंबरांना आलं नाही. पुढे टांगाईलला २ पॅरा या छत्रीधारी पलटणीची गाठ पडली, तेही मूळचे मराठाच, जुनी तिसरी पलटण, एकमेकांना गावं विचारत मिठ्या मारत होते. आप्पा म्हणाले, "मी हसत न्हवतो. माझ्या डोस्क्यात हजेरी चालली हुती."

एकेक नंबर, मग हुद्दा, नाव, गाव, तालुका. कागद नाही, चष्मा नाही. मी सगळं वहीत घेतलं. चोपन्न वर्षं ते ही हजेरी मनात घेत होते आणि आम्हाला वाटायचं ते पहाटे उगाच जागे असतात.

नवीन चावडीत शिळेला जागा मिळाली. ग्रामसभेत ओढ्याकाठी यांचा मुद्दा मांडला, एकमतानं मंजूर झाला. जुनी शिळा तशीच, तुटक्या कोपऱ्यासकट बसवली. तिच्याखाली काळ्या दगडावर 'धारातीर्थी पडले' आणि चार नावं, नंबरासकट, नंबराच्या क्रमानं. खाली तीन ओळींची जागा सोडली आहे. पाथरवट म्हणाला मोकळं वाईट दिसतंय, वेल काढून देतो. आप्पांनी त्याला पेन्सिलनं तिथे १, २, ३ आखायला लावलं आणि वेल नको म्हणाले.

पलटणकर साहेब, फेब्रुवारीत आप्पांना बेळगावला नेतोय. तुम्ही येणार असाल तर तारीख कळवा.

पलटणकर

येणार म्हणजे येणारच. जंगी पलटणीचे हवालदार साहेब आणि मी एकाच गाडीनं जाऊ. मी कोल्हापुरात चढतो. त्यांना म्हणावं मेडलं आणा, आणि ती वहीही.

ओढ्याकाठी

घाटवाट, १११ च्या त्या नावासाठी तुमच्या आप्पांच्या पाया पडते. माझ्या पणजोबांचं अजून काही मिळालं नाही, शोध चालू आहे. बटण मात्र आता गोधडीतून काढून काचेच्या डबीत ठेवलंय.

नदीमाय

आईला शेवटचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, तीन ओळी सोडल्या ते बरं केलं.

दप्तरी

घाटवाट, तुमच्या गावाच्या नावाची जी तिसरी तऱ्हा तुम्ही मला कळवली होती, ती धरून काल ११० ची यादी पुन्हा चाळली. एक लान्स नाईक आहे, तालुका जुळतो, बापाचं नाव अर्धवट आहे. कैदेत वारलेला दिसतो. नंबर आणि नोंद व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे. आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते कळवा.